दानास पात्र

विकावे की दान द्यावे, हा पेच देवळीतल्या सुज्ञ घरांनी कायमचा सोडवला आहे. वस्तू आधी भंगारवाल्याला दाखवायची. त्याने नाक मुरडले, की ती दानास पात्र. परंपरा आपल्याच जिल्ह्याची. पवनारच्या विनोबांना १९५१ पासून भूदानात चाळीस लाखांवर एकर मिळाले. खडकाळ आणि कोर्टकज्ज्यातली जमीन तर दात्यांनी विशेष सढळ हाताने दिली. हल्ली मोटर जळालेला, टप सडलेला कूलर कामवाल्या बाईंना मिळतो, फोटोसह. शासनाने आता भंगारवाल्यालाच दानाधिकारी नेमावे. त्याच्या ‘अविक्रेय’ शिक्क्याशिवाय पुण्याची नोंद नको. परवा एका बाईंनी असला कूलर दुसऱ्या भंगारवाल्याला शंभर रुपयांत विकला. दात्याने दान तत्काळ रद्द केले असून रक्कम पगारातून कापली आहे.