प्रथिने अंदाजपंचे

आहाराची नोंद या विधीची व्याख्या अशी करता येईल, की दिवसभरात पोटात गेलेल्या प्रत्येक पदार्थाचे वजन करून ते मोबाइलमध्ये भरणे, आणि जे भरायची लाज वाटते ते वजन न करताच खाणे. या विधीकडे वळणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार विशीतल्या मुलांचा असून त्यांना काहीही खाल्ले तरी चालते, त्यामुळे त्यांच्या नोंदींना शास्त्रीय मूल्य नाही. दुसरा प्रकार परतलेल्या व्यायामपटूचा. कॉलेजात असताना ज्याने खरोखरच बॉडी कमावली होती, पुढे नोकरी, लग्न, घराचा हप्ता आणि लोकल या चार कारणांनी ती हळूहळू गमावली, आणि चाळिशी उलटल्यावर कपाटातला जुना फोटो व रक्ततपासणीचा नवा रिपोर्ट एकाच दिवशी हाती लागल्यामुळे जो पुन्हा जिमची पायरी चढला, त्याला या लेखापुरते परतलेला व्यायामपटू म्हटले आहे. अभ्यासाचे क्षेत्र बदलापूर पूर्वेकडचे शिरगाव हे घेतले आहे, आणि नमुन्याला कोणा एका रहिवाशाचा चेहरा नसल्यामुळे कोणी तो स्वतःचा समजू नये, जरी समजण्याचा मोह अनेकांना होणार असला तरी.

शिरगाव हे क्षेत्र निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. बदलापूर स्थानक मुंबईच्या सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर असल्याने इथल्या नोकरदाराच्या दिवसाचे तीनेक तास लोकलमध्ये जातात, आणि दर तीन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगणारा कोणताही आहारतक्ता पाळायचा म्हटले तर त्यातले एक खाणे ठाण्याच्या आसपास, चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या अवस्थेत उरकावे लागते. या खाण्यात उकडलेली अंडी असतील, तर डब्याचे झाकण उघडताच डब्यातल्या जनमताचे दोन तट पडतात. एक तट खिडकी उघडायला सांगतो आणि दुसरा थेट माणसाला उतरायला सांगतो. अंड्यातले प्रथिन शरीराला उत्तम लागते याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते सहप्रवाशांत, आणि आहारतक्ता करून देणारा ट्रेनर ते हिशेबात धरत नाही, कारण तो स्वतः स्कूटरने येतो.

परतलेल्या व्यायामपटूच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे, आणि ती म्हणजे स्नायूंची स्मृती. पूर्वी कमावलेला स्नायू पुन्हा कमावताना कमी वेळ लागतो, हे आखाड्यात पिढ्यान्पिढ्या माहीत होते. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्तियान गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर प्रयोग करून त्याचे एक कारण सुचवले. व्यायामाने स्नायुतंतूंत जी जादा केंद्रके तयार होतात, ती स्नायू रोडावल्यावरही टिकून राहतात, आणि पुन्हा ताण पडला की कामाला लागतात, असे त्यांना आढळले. माणसाच्या बाबतीत हे कितपत लागू पडते यावर अजून वाद आहे, परंतु शिरगावच्या नमुन्याने वादाचा निकाल न थांबता स्वतःच्या बाजूने लावून घेतला आहे. अडचण इतकीच, की स्नायूंप्रमाणे पोटालाही स्मृती असते, आणि बावीस वर्षांच्या वयात कँटीनमध्ये जे आणि जितके खाल्ले ते पोटाच्या अधिक स्पष्टपणे लक्षात असते.

आता आकड्यांकडे वळणे भाग आहे. अन्नातून मिळणारी ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात, व्यवहारात तिलाच कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम प्रथिनातून 4, एक ग्रॅम कर्बोदकातून 4 आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 कॅलरी मिळतात, हे गणित अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले आणि आजची सर्व ॲपे त्याच्याच जिवावर चालतात. या तीन घटकांना जिममध्ये ‘मॅक्रो’ म्हणतात, आणि ‘मॅक्रो बसले का?’ हा प्रश्न तिथे ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाच्या जागी विचारला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिन पुरते; वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यासाठी हा आकडा 1.6 ग्रॅमच्या आसपास धरतात. नमुन्याचे वजन 80 किलो धरले, तर गृहस्थ म्हणून त्याची गरज 66 ग्रॅम आणि व्यायामपटू म्हणून 128 ग्रॅम ठरते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिन असते, म्हणजे केवळ अंड्यांवर भागवायचे तर रोज 21 अंडी लागतील, आणि हा भागाकार पूर्ण होताच परतलेल्या व्यायामपटूंपैकी अनेक जण परत परततात. उरलेले सोयाबीनच्या वड्या, पनीर, चिकन आणि व्हे यांच्या आश्रयाला जातात. व्हे म्हणजे चीज करताना, घरी पनीर करताना उरते तसेच, जे पाणी खाली उरते त्यातले प्रथिन वाळवून केलेली पूड होय. पूर्वी असले जे पाणी कणीक भिजवायला वापरत असत, ते आता डब्यात भरून हजारो रुपयांना मिळते, हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो त्याची नोंद कोणत्याही ॲपमध्ये करता येत नाही.

खरा संघर्ष पुढे स्वयंपाकघरात घडतो, कारण ॲपची भाषा ग्रॅमची आणि मराठी स्वयंपाकाची भाषा वाटी, मूठ, चिमूट आणि ‘अंदाजाने’ यांची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण करून जे तक्ते प्रसिद्ध केले, ते अतिशय मोलाचे आहेत, पण ते मुख्यतः कच्च्या मालाचे आहेत, आणि कच्चा माल कोणी खात नाही. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी असतात. तोच तांदूळ शिजला की पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो आणि शंभर ग्रॅम भातात जेमतेम 130 कॅलरी उरतात. म्हणून जो शिजलेला भात मोजून कच्च्याच्या रकान्यात भरतो, त्याला आपण तिघांचे जेवलो असे वाटून अपराधी वाटते, आणि जो उलट करतो त्याला आपण जवळजवळ उपाशी असून वजन कसे वाढते हे कळत नाही. पहिल्या प्रकारची चूक शिरगावात क्वचित आढळते.

वरणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. चार माणसांसाठी कुकरला 150 ग्रॅम तूरडाळ लावली, तर तिच्यातले 33 ग्रॅम प्रथिन चौघांत वाटून प्रत्येकी सुमारे 8 ग्रॅम येते. परंतु हे समान वाटप फक्त कागदावर होते, कारण पातेल्यातले वरचे वरण पातळ असते आणि तळाचे घट्ट. परतलेला व्यायामपटू डाव तळापर्यंत घालून वाढून घेऊ लागला, की घरातल्या इतरांच्या वाट्याला नुसते फोडणीचे पाणी येते, आणि मुलांच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात येते. त्यानंतर ओट्यावर डिजिटल वजनकाटा येतो. काट्यावर ताटली, ताटलीवर पोळी, पोळीवर तूप लावण्यापूर्वीचे वजन, लावल्यानंतरचे वजन आणि दोहोंची वजाबाकी, हा क्रम चालू असताना पोळी निवते. ‘अहो, मीठही मोजायचं का?’ हा प्रश्न अशा वेळी येतो आणि त्याचे उत्तर देऊ नये, कारण तो माहितीसाठी विचारलेला नसतो.

इतिहासाकडे पाहिले तर हे ग्रॅमचे प्रेम अगदी अलीकडचे दिसते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या तालमी बहरल्या, त्यांत मल्लाच्या आहाराला ‘खुराक’ म्हणत, आणि दूध, तूप, बदाम व थंडाई यांचे मोजमाप शेरात, मुठीत आणि मुख्यतः खर्च कोण करतो त्यावर होत असे. आश्रयदाता दानशूर असला की मॅक्रो आपोआप बसत. 1952 च्या ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपल्या गटाचा किताब मिळवणारे आणि पुढे वयाची शंभरी ओलांडणारे बंगालचे मनोहर आईच, उंची पाच फुटांच्या आत असूनही जगाला भारी पडले, आणि ज्या अन्नाचे ते गुण गात त्यांत पांता भात, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, होता. अर्थात मल्लाला वजन हवे असते आणि बॉडीबिल्डरला त्याच वजनावरची चरबी नको असते, त्यामुळे खुराकाची रीत मंचावर जशीच्या तशी चालत नाही हेही खरे. पण शिरगावच्या नमुन्याला मंचावर जायचेच नसते. त्याला लग्नातला सदरा पुन्हा बसायला हवा असतो, आणि बाही दुमडल्यावर बेटकुळी दिसली तर ती वरकड कमाई.

नोंदीच्या मार्गातला सर्वांत मोठा अडसर मात्र भूक नसून आग्रह हा आहे. ‘एवढंच?’ आणि ‘अर्धी तरी घ्या’ ही दोन वाक्ये कोणत्याही ॲपला ओळखू येत नाहीत, आणि मराठी घरात अर्धी म्हणून वाढलेली पोळी आजवर कोणी अर्धी पाहिलेली नाही. उल्हासनगरच्या सिंधी मित्राकडे रविवारी सकाळी गेले असता समोर येणारे दाल-पकवान नाकारणे म्हणजे मैत्री नाकारणे असते. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते, ज्यातला साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट असून प्रथिनाची सगळी भिस्त दाण्याच्या कुटावर असते, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण पोषणशास्त्राच्या कितीतरी आधी पोषणशास्त्र सांगून गेली आहे. पण या सर्वांवर मात करतो तो सत्यनारायणाचा प्रसाद. मराठी स्वयंपाकात माप जर कुठे कटाक्षाने पाळत असतील तर ते इथे. रवा, साखर, तूप, सगळे सव्वाच्या मापाने आणि सारखे. म्हणजे ज्याचा हिशेब बिनचूक लागावा असा हा एकच पदार्थ, आणि तो लावला तर द्रोणातली जवळपास निम्मी ऊर्जा एकट्या तुपाची निघते. तरीही प्रसाद मोबाइलमध्ये कोणी भरत नाही. भरणे पाप समजले जाते, आणि दुसऱ्यांदा हात पुढे करणे पुण्य.

न भरलेल्या घासांचे मोल किती असते, याचे उत्तर 1992 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिळाले. ‘खातो इतके कमी, तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांना न्यूयॉर्कच्या संशोधकांनी हायड्रोजन व ऑक्सिजनचे खुणेचे अणू असलेले पाणी प्यायला दिले. ते अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते, आणि तिच्यावरून खाल्लेल्याचा हिशेब लागतो. या लोकांनी आपला आहार सरासरी 47 टक्क्यांनी कमी आणि आपले श्रम 51 टक्क्यांनी जास्त सांगितले होते. ही माणसे खोटारडी नव्हती. त्यांची स्मृती त्यांच्यावर माया करत होती, एवढेच.

शिरगावात असले पाणी मिळत नाही, पण त्याहून स्वस्त साधन प्रत्येक घरात आहे, आणि ते म्हणजे वाण्याची यादी. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी दररोज सुमारे 31 ग्रॅम, म्हणजे 275 कॅलरींच्या आसपास तेल कोणाच्या ना कोणाच्या पोटात गेलेच आहे, मग ॲपमध्ये ‘एक चमचा’ लिहिलेले असो वा नसो. वाण्याचे बिल कोणावर माया करत नाही.

वजनाच्या काट्याबद्दलही एवढाच सावधपणा हवा. रविवारी बिर्याणी झाली आणि सोमवारी काट्याने दीड किलो वाढवून दाखवले, तर ती चरबी समजून हाय खाण्याचे कारण नाही. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरतात, म्हणजे दीड किलोसाठी, एका वडापावाच्या 300 कॅलरी धरल्या तर, गरजेवर आणखी 38 वडापाव खावे लागले असते, आणि तेवढे खाल्ल्याचे कोणालाही आठवेल. ही वाढ मुख्यतः पाण्याची असते, कारण मीठ पाणी धरून ठेवते, आणि शरीर कर्बोदकाचा साठा करते तेव्हा साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे तीनेक ग्रॅम पाणी मुरते. म्हणून रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी.

यातून जो निष्कर्ष निघतो तो काट्याला कमीपणा आणणारा आणि वाटीला मान देणारा आहे. घरच्या जेवणाची नोंद बिनचूक कधीच होणार नाही, पण चूक रोज तीच आणि तेवढीच असेल, तर फरक मोजताना ती आपोआप वजा होते. वाटी 150 मिलीलिटरची आहे की 180 हे कळले नाही तरी चालते. ती बदलली तर मात्र चालत नाही. तेव्हा परतलेल्या व्यायामपटूने नवा काटा मागवण्याआधी घरातली एक वाटी स्वतःसाठी नेमून घ्यावी, तिच्यातले वरण वरून-खालून ढवळून घ्यावे, आणि तेलाचा डबा ज्या दिवशी फोडला ती तारीख डब्यावर लिहून ठेवावी.