शिल्लक : वजा ३ किलो

नागपूरच्या नंदनवन भागातील एका किराणा भांडाराच्या चालकांनी आपले जुने संगणकीय दप्तर क्लाउडवर हलविण्याचा संकल्प सोडला आणि स्थलांतर पुरे होईतो दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालवून रोज रात्री एकीच्या नोंदी दुसरीत उतरवाव्यात, अशी दूरदर्शी तजवीज केली. परिणामी, पुढ्यात पोते तोंडापर्यंत भरलेले असताना गल्ल्यावरच्या पडद्याने तूरडाळीची शिल्लक ‘वजा ३ किलो’ असल्याचे जाहीर केले. कारण विक्री नव्या व्यवस्थेने तत्परतेने टिपली होती, आणि आवक जुन्या यंत्रात रात्रीची वाट पाहत बसली होती.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा तुपावर नवी व्यवस्था ५ टक्के आकारी आणि जुनी १२. शेवटची नोंद तीच खरी, या थोर न्यायाने मध्यरात्री जुनीने नवीला सुधारले. सकाळी तफावत मिटविण्यास सर्वांनी धाव घेतली ती मुनीमजींच्या लाल खतावणीकडे, जिला स्थलांतराच्या आराखड्यात स्थानच नव्हते.

हातच्या वहीने तारण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. भांडाराजवळच्या चौकाला ज्यांचे नाव आहे, ते संताजी जगनाडे व्यवसायाने तेली. इंद्रायणीत बुडविलेल्या तुकोबांच्या अभंगांची त्यांनी उतरून ठेवलेली प्रत पुढे उपयोगी पडली, असे परंपरा सांगते. ही हकीकत तंत्रज्ञांच्या कानी घातली असता, अशा प्रतिलिपीचे मासिक शुल्क वेगळे पडेल, असे त्यांनी अदबीने कळविले.