आधी ती बादली उचला

दुपारची सुट्टी झाली. पोषण आहाराची खिचडी तयार. वर्गाच्या दाराशी एक बादली. पहिल्या पोरानं हात बुडवले, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. विसाव्याची पाळी आली तेव्हा पाणी गढूळ झालेलं. ओले हात चड्डीला पुसून सगळे पंगतीला बसले. मागच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या छान रंगवलेल्या होत्या.

धुळे तालुक्यातल्या एका शाळेत हे पाहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. एकाच्या हातावरची घाण वीस जणांच्या ताटात जाते, त्याला हात धुणं म्हणू नका.

2008 पासून 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. शाळाशाळांत फेस होतो, फोटो निघतात. पण ऑक्टोबरात आपल्याकडे विहिरींना पाणी असतं. खरी परीक्षा होळीनंतर. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, धुळ्याला तापीचं. तरी उन्हाळ्यात नळाची वाट पाहत दिवस मोजावे लागतात. दारात ड्रम भरून ठेवलेले. बाई आधी पिण्याचं पाणी राखते, मग स्वयंपाकाचं. पोरांच्या हातांचा नंबर सगळ्यात शेवटी. तिला मी दोष देणार नाही.

पण हाताला पाणी लागतं तरी किती? बारीक धार असली तर एका तांब्यात दोन-तीन पोरांचे हात निघतात. केळीच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी द्यायला ज्या जळगाव जिल्ह्यानं शिकवलं, त्याला हे सांगावं लागू नये. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आडव्या काठीला टांगा. वरच्या बाजूला बारीक भोक पाडा. कॅनच्या तोंडाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीजवळच्या काठीला बांधा. पायानं काठी दाबली की कॅन झुकतो, धार पडते. कशालाही हात लावावा लागत नाही. साबणाची वडी शेजारी जाळीच्या पिशवीत टांगा, म्हणजे ती मातीत पडणार नाही. ही युक्ती झिम्बाब्वेच्या खेड्यांतून जगभर गेली. आपल्या गावात ती एका दुपारी उभी राहते.

साबण हवाच. हातावरचा तेलकट थर नुसत्या पाण्यानं निघत नाही, आणि जंतू त्यालाच धरून बसतात. साबण तो थर सोडवतो, पाणी वाहून नेतं. चोळायचं 20 सेकंद. पहिलीच्या पोराला सेकंद काय कळणार? त्याला बेचा पाढा म्हणायला लावा, सावकाश, बे दाही वीसपर्यंत. बोटांच्या बेचक्या आणि नखं तेवढ्यात होतात. शाळा-अंगणवाड्यांत ही सवय लावली तर मुलांचे जुलाब सुमारे 30 टक्क्यांनी घटतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. जूनमध्ये शाळा उघडते आणि पहिल्या पावसाचं गढूळ पाणी येतं, तेव्हा आजारी पोरांच्या घरांना या आकड्याची किंमत विचारा.

आणि हे शिकवणार कोण? साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. स्वच्छतेवर व्याख्यान द्यायची त्यांना गरजच पडली नाही. मुलं बघत होती. घरीही तेच. शेतातून आलेला बाप तसाच भाकरीला बसला, तर पोरगं त्याच्या मांडीला मांडी लावून तसंच बसणार.

म्हणून खानदेशातल्या मुख्याध्यापकांना, अंगणवाडीताईंना हात जोडून विनंती आहे. दाराशी बादली असेल तर उद्याच उचला. तिथे धार आणि साबण ठेवा. खिचडी वाढायच्या आधी पोरांच्या रांगेत पहिले उभे राहा आणि त्यांच्या देखत तुमचे हात धुवा.