यजमानाचा अर्ज
(औषध कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांना एका पेशंटचं खुलं पत्र)

प्रति,
मा. मार्केटिंग प्रमुख
(कंपनी कुठलीही चालेल)



मी आपला जुना आश्रयदाता. आपण मला ओळखत नाही, त्यात आपला दोष नाही. आपला घरोबा डॉक्टरांशी, माझी गाठ केमिस्टच्या बिलाशी. पण ब्लडप्रेशरची सकाळी, शुगरची दोन वेळा, कोलेस्टेरॉलची रात्री आणि या सगळ्यांनी पोटात आग पडू नये म्हणून उठल्याउठल्या उपाशीपोटी आणखी एक, इतक्या नेमानं मी कुठल्या देवाचंही केलेलं नाही. तेव्हा थोडं हक्कानं लिहितो.

तक्रार लहानशीच आहे. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अ‍ॅबव्ही हेल्थकेअर इंडिया या कंपनीनं 30 डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेऊन आणलं. विमानाची तिकिटं आणि हॉटेलं मिळून खर्च आला 1 कोटी 91 लाख, म्हणजे माणशी सहा लाखांच्या वर. निमित्त परिषदेचं होतं आणि विषय होता सौंदर्य आणि वय रोखण्याचं वैद्यक. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाच्या समितीनं चौकशी केली, डिसेंबरमध्ये कंपनीला दोषी धरलं आणि तिच्यावर ठपका ठेवला. ठपका म्हणजे काय, हे शाळेत वर्गाबाहेर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मास्तर आत शिकवत असतात, आपण बाहेर गप्पा मारत असतो.

डॉक्टर पॅरिसला गेले याचं मला वाईट वाटत नाही. शिकलीसवरलेली माणसं, हिंडणारच. वाईट याचं वाटतं की यजमानांना कुणी कळवलंसुद्धा नाही. यजमान म्हणजे आम्ही पेशंट. आमंत्रण नको, पण निदान एखादा ग्रुप फोटो, ‘आपल्या कृपेने सुखरूप पोहोचलो’ अशी दोन ओळींची पोच? लग्नात आहेर करणाऱ्याचंसुद्धा वहीत नाव लिहितात हो!

पैसे आम्ही भरतो, हा माझा आगाऊपणा नाही. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सुप्रीम कोर्टात न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी हेच सांगितलं. अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज नावाची कंपनी, औषध झिंकोव्हिट. त्याच्याबद्दल डॉक्टरांमध्ये जागरूकता यावी म्हणून कंपनीनं पावणेपाच कोटींच्या आसपास खर्च केला होता. त्यात सोन्याची नाणी होती, टीव्ही होते, फ्रीज होते, लॅपटॉप होते. सोन्याच्या नाण्यानं जाग येते हे खरंच आहे. धनत्रयोदशीला आम्हीही पहाटे उठतो. कंपनीचं म्हणणं इतकंच होतं, की हा धंद्याचा खर्च आहे, करातून वजावट द्या. डॉक्टरांनी भेटी घेऊ नयेत हा नियम 2009 पासून आहे, पण तो डॉक्टरांना. देऊ नये असं आम्हाला कुणी सांगितलंय?

काय बिनतोड युक्तिवाद! घेणारा दोषी आणि देणारा कर्ण. कोर्टानं तो मानला नाही. जी गोष्ट घेणं बेकायदा, ती देऊन वजावट मागता येत नाही, असा निकाल दिला. आणि जाता जाता हेही नमूद केलं, की या फुकटच्या वस्तू फुकट नसतात. त्यांची किंमत औषधाच्या किमतीत मिसळते आणि शेवटी गिऱ्हाईकाकडूनच वसूल होते. साहेब, तेव्हापासून मी ताठ मानेनं चालतो. डॉक्टरांच्या केबिनमधलं घड्याळ पाहिलं, की वाटतं, यात आपलाही काटा आहे.

कायद्याची गंमत आणखी पुढे आहे. 1 जुलै 2022 पासून धंद्यातून किंवा व्यवसायातून कुणाला वर्षाला 20 हजारांच्या वर लाभ दिला, तर 10 टक्के टीडीएस कापायचा असा नियम आला. प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकात त्याचं उदाहरणच डॉक्टरांना मिळणाऱ्या सॅम्पलचं आहे. म्हणजे एका खात्याच्या वहीत पाप आणि दुसऱ्याच्या वहीत करपात्र लाभ. डॉक्टरांसाठीच्या त्या 2009 च्या नियमांत दुरुस्ती होऊन 2016 मध्ये शिक्षेचंही दरपत्रक निघालं. भेट हजार ते पाच हजारांची असेल तर समज, दहा हजारांपर्यंत तीन महिने नोंदणी बंद, पन्नास हजारांपर्यंत सहा महिने, लाखापर्यंत एक वर्ष. पण त्याच दुरुस्तीत ‘डॉक्टरांच्या संघटना’ हे शब्द नियमातून अलगद वगळले गेले. एकट्यानं खाल्लं तर लाच, पंगत बसली तर परिषद.

2 ऑगस्ट 2023 रोजी नॅशनल मेडिकल कमिशननं नवे नियम काढले. औषधं जेनेरिक नावानं लिहा आणि कंपनीच्या पैशानं होणाऱ्या परिषदांपासून लांब राहा, असं त्यात होतं. डॉक्टर म्हणाले, औषधांच्या दर्जाची खात्री द्या, नाहीतर कुठली कंपनी द्यायची हे आमच्याऐवजी केमिस्ट ठरवेल. त्यांचा जेनेरिकबद्दलचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. पण तीन आठवड्यांत सगळेच नियम स्थगित झाले, त्या मुद्द्याशी काही संबंध नसलेली परिषदेची बंदीसुद्धा. पाहुण्याबरोबर शेजारीही जेवून गेला.

आता आपल्या कामाचं कौतुक करतो, कारण ते मी जवळून पाहतो. ओपीडीत बाकावर बारा-पंधरा माणसं खोळंबलेली असतात. तेवढ्यात टाय लावलेला, जड बॅग सांभाळणारा आपला पोरगा येतो. कम्पाउंडर त्याला ‘दोनच मिनिटं हं’ म्हणून आत सोडतो. दार अर्धवट उघडं राहतं आणि आतली फ्लिपबुकची पानं फडफडताना दिसतात. टेबलावर प्लास्टिकचं हृदय असतं, त्याच्या महाधमनीवर ब्रँडचं नाव. कॅलेंडर, पेनस्टँड, पेपरवेट, पेशंटला आहार समजावायचा तक्ता, सगळीकडे कुणी ना कुणी गोळी हसत उभी. मग माझा नंबर लागतो आणि डॉक्टर त्याच पेनानं लिहायला घेतात.

खरी कमाल मात्र केमिस्टकडे दिसते. मी गोळ्या घ्यायला उभा असतो आणि तोच पोरगा काउंटरला टेकून हळूच विचारतो, “काका, सरांचं आपलं किती निघालं या आठवड्यात?” काका बिलांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवतात. कुठल्या डॉक्टरांनी आपली गोळी किती लिहिली, समोरच्या कंपनीची किती, हे तो डायरीत उतरवून घेतो. याला आपण आरसीपीए म्हणता, हे मला नंतर कळलं. म्हणजे डॉक्टरांनी मला काय लिहून दिलं, हे आपल्याला आठवड्याच्या आठवड्याला कळतं. आपण डॉक्टरांना काय दिलं, हे मात्र मला जन्मात कळणार नाही.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला टार्गेट आहे, वर एरिया मॅनेजर आहे, घरी हप्ते आहेत. उलट औषधविक्रीच्या आचारसंहितेला कायद्याचं बळ द्या, असं म्हणत सुप्रीम कोर्टात गेली ती या विक्री प्रतिनिधींचीच देशपातळीवरची संघटना. बॅग उचलणाऱ्यालाच तिचं वजन ठाऊक. आपली आचारसंहिता तेव्हा ऐच्छिक होती, एकादशीसारखी. जमलं तर करायची. मार्च 2024 मध्ये नवी आली. तिच्यात भेटींना मनाई आहे, परदेशातल्या परिषदांना नेण्याला मनाई आहे, सॅम्पललाही मर्यादा आहे. फक्त तक्रार आधी ऐकणार कोण, तर औषध कंपन्यांच्याच संघटनेची समिती. फार तर संघटनेतून नाव काढतील. आम्हाला सोसायटीत वर्गणी थकली तर याहून जास्त बोलतात.

आपण म्हणाल, “एवढ्यातेवढ्यानं डॉक्टर विकले जातात असं वाटतं का तुम्हाला?” नाही वाटत. माझे डॉक्टर रात्री दोनला फोन उचलतात. पण 2016 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या पावणेतीन लाखांहून जास्त डॉक्टरांचा अभ्यास आला. कंपनीकडून एकदाच जेवण घेतलेल्या, तेही सरासरी 20 डॉलरच्या आतलं, डॉक्टरांच्या हातून त्या कंपनीचा ब्रँड जास्त लिहिला जातो, असं त्यात दिसलं. जेवणामुळेच लिहिला, हे त्यानं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण आपण तर हिशोबी माणसं. फायदा होत नसता तर आपण त्यांना चहा तरी पाजला असता का?

हा अभ्यास झाला कसा, तेही ऐका. अमेरिकेत 2010 च्या कायद्यानं कंपन्यांना डॉक्टरांवरचा खर्च सरकारकडे नोंदवावा लागतो आणि 2014 पासून तो लोकांसाठी खुला आहे. डॉक्टरचं नाव टाका, कुणी काय दिलं ते समोर. इथून तिकडे जाऊन डॉक्टरकी करणाऱ्या आपल्या पुण्या-नागपूरच्या मंडळींच्या नावासमोरही जेवणाचा आकडा येतो. म्हणून तिकडे डॉक्टरांनी घेणं सोडलं असं नाही. पण घेतलं ते दिसतं. इथे दिसत नाही, म्हणून आम्ही अंदाज करतो. आणि अंदाज करणाऱ्याला सगळेच सारखे दिसतात.

तीच गत कमिशनची. 2017 मध्ये मुंबईत एका मोठ्या हृदयरोग रुग्णालयानं फलक लावला, आमच्याकडे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांना कमिशन मिळत नाही, अशा अर्थाचा. इंडियन मेडिकल असोसिएशननं तो काढायला सांगितलं, कारण त्यानं व्यवसायाची बदनामी होते. त्याच वर्षी राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे याच कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली. मसुदा झाला. कायदा अजून ओपीडीच्या बाकावर बसलाय, त्याचा नंबर काही लागत नाही.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावानं एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. तो मार खाल्लेला पोरगा कुठल्या क्रूझवर गेला होता? त्याच्या टेबलावर कुठली नाणी होती? त्या मारहाणीचं कारण आपल्या भेटी, असं मी म्हणत नाही. कमी खाटा, कमी माणसं, सुरक्षेची बोंब, हे सगळं त्यात आलं. पण ‘सगळे डॉक्टर पैसे खातात’ हे वाक्य गावोगाव इतकं मुरलंय, की हात उचलणाऱ्याला आपण चुकतोय असंही वाटत नाही. ते वाक्य मुरवण्याचा खर्चही आमच्याच औषधातून झाला. भेट कुणाला आणि मार कुणाला! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर ओलंच आधी पेटलं.

पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतर्फे डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या 78 डॉक्टरांशी बोलून त्यांची कैफियत जगापुढे आणली. कमिशन, टार्गेट, कंपन्यांचा रेटा, सगळं त्या डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणजे सरळ वागणारे आहेत, आणि तेच आतून जास्त त्रासलेत. त्यांची पंचाईत अशी, की आपण काही घेत नाही हे त्यांना सिद्ध करता येत नाही. भिंतीवर घड्याळ नसणं हा काही पुरावा नव्हे. मलाही पूर्वी नवीन गोळी लिहून दिली की एकच प्रश्न पडायचा, कधी घ्यायची? आता आधी मनात येतं, ही कुणी सुचवली? एवढा संशय घेऊन मी ज्या माणसासमोर छाती उघडी करून बसतो, त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि माझ्या छातीवरही.

म्हणून यजमान या नात्यानं माझी मागणी एकच. भेटी बंद करा असं मी म्हणत नाही. ते सांगणारे नियम 2009 पासून आहेत आणि ते कसे पाळले जातात, हे आपण दोघंही जाणतो. मला फक्त आपली डायरी हवी. केमिस्टच्या काउंटरवर जी भरते ती नव्हे, ऑफिसात असते ती. कुणाला, कधी, कशासाठी, किती दिले, ते वर्षाला एकदा सरकारकडे द्या आणि सरकारनं ते सगळ्यांसमोर मांडावं. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांच्या नावापुढे शून्य येईल. त्या शून्याइतकं मोठं सर्टिफिकेट कुठलीही संघटना देऊ शकणार नाही, आणि त्याला फ्रेमही लागणार नाही. ज्यांच्या नावापुढे आकडा येईल त्यांना मी विचारीन, “डॉक्टर, हीच गोळी का?” कदाचित त्यांच्याकडे चोख उत्तर असेल. मी ती गोळी घेईन, आणि निम्मा बरा तिथेच होईन.

सोबत गेल्या महिन्याचं केमिस्टचं बिल जोडलंय. त्यात औषध किती आणि आदरातिथ्य किती, एवढी फोड करून परत पाठवावं. पोस्टेजचा खर्च एमआरपीत धरावा.

कळावे,

आपला,
बिल भरणारा