स्टेज विहिरीपर्यंत

नागावला भाऊंच्या वाडीवर जाऊन ‘काय ऐकताय?’ असं विचारलंत, तर ते गाण्याचं नाव सांगत नाहीत. एक बोट वर करतात, डोळे मिटतात आणि बऱ्याच वेळाने म्हणतात, ‘‘मिड्स मोकळे व्हायला लागलेत.’’ आपण ‘वा’ म्हणायचं. ‘कुणाचे?’ असं विचारलेला एक पाहुणा पुन्हा त्या वाडीत दिसला नाही.

भाऊ मुंबईत बँकेत होते. निवृत्त झाले आणि वडिलोपार्जित वाडीत राहायला आले. पोफळी, नारळ, विहीर, मोडका गोठा असा सगळा संसार तयारच होता. पहिल्याच वर्षी त्यांनी फंडाच्या पैशातून एक म्युझिक प्लेअर घेतला. खिशात मावणारा, असं कंपनी म्हणते. भाऊंच्या सदऱ्याचा खिसा मात्र दुसऱ्या दिवशी उसवला. प्लेअरची किंमत तीन प्रकारची आहे. मित्रांना सांगायची एक, वहिनींना सांगितलेली तिच्या निम्मी, आणि खरी. खरी फक्त बँकेच्या पासबुकाला माहीत आहे, आणि ते पासबुक हल्ली घरात सापडत नाही.

या यंत्राची कुळकथा भाऊंना तोंडपाठ आहे. सोनीचा पहिला वॉकमन 1979 चा. अ‍ॅपलचा आयपॉड 2001 चा, 5 जीबीत 1000 गाणी. पुढे फोनने हे सगळं गिळलं आणि 2022 साली आयपॉड बंद झाला. कुणालाही वाटावं, खिशातल्या गाण्याच्या डबीचा निकाल लागला. पण नाही. 2012 साली कोरियातून अ‍ॅस्टेल अँड कर्नचा एके 100 आला आणि ‘फक्त गाणी वाजवणारं, पण महागडं’ अशी एक नवीच जात जन्माला आली. 2016 साली सोनीने तांब्याचं अंग, त्यावर सोन्याचा मुलामा, वजन 455 ग्रॅम असा वॉकमन काढला. अमेरिकेत त्याची किंमत 3,200 डॉलर होती. त्याच सुमारास अ‍ॅपलने आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं. भाऊ या दोन घटना जोडून सांगतात तेव्हा फाळणीचा इतिहास ऐकल्यासारखं वाटतं. त्यांचा स्वतःचा प्लेअर याच वाणाचा आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही.

प्लेअर आला त्या दिवशी आम्ही पाचसहा जण ऐकायला जमलो होतो. भाऊंनी पेटी उघडली, प्लेअर दाखवला, चालू केला आणि सुपारीच्या खोलीत नेऊन ठेवला. म्हणाले, ‘‘आधी 200 तास वाजू द्यायचा. आतले कपॅसिटर बसावे लागतात.’’ मग रात्रंदिवस तो त्या खोलीत सुपाऱ्यांसमोर एकटाच वाजत होता. वहिनींनी हिशेब केला. अखंड हरिनाम सप्ताह 168 तासांत आटोपतो, याचे वर 32 तास उरत होते. ‘‘निदान शेवटी काल्याचा प्रसाद तरी ठेवा,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

मग मूल्यमापन सुरू झालं. ते अजून चालू आहे.

अलिबाग परिसर हा असल्या कामासाठी देशात अव्वल, हा भाऊंचा सिद्धांत. त्याला आधार म्हणून ते इथली चुंबकीय वेधशाळा पुढे करतात. गोष्ट खरी आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकमापनं बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 साली ते काम अलिबागला आणलं. संचालक नानाभॉय मूस. इमारतीतही चुंबकाला बाधेल असं लोखंड टाळलं. ट्राम केव्हाच गेली, वेधशाळा अजून आहे. यावरून भाऊंनी अनुमान काढलं की इथली हवा विजेच्या दृष्टीने सोवळी आहे आणि म्हणून त्यांच्या प्लेअरची ‘पार्श्वभूमी काळी’ येते. अलिबागला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली ते आमचे एक दादा हे शांतपणे ऐकत होते. ‘‘भाऊ, पण हा बॅटरीवर चालतो ना?’’ त्यांनी विचारलं. भाऊंनी चहा मागवला.

वीज सोवळी असेल, पण आवाजाच्या बाबतीत आमचा किनारा फार ओवळा. पहाटे कोंबडे, मग विहिरीवरचा पंप, मग एस्टी, दुपारी बाजूच्या बंगल्याचं बांधकाम, आणि शनिवार-रविवारी मुंबईकर. रो-रो सुरू झाल्यापासून ते मोटारीसकट समुद्र ओलांडून मांडव्याला उतरतात आणि गाणी मोटारीतलीच, दारं उघडी टाकून ऐकवतात. हे सगळं निजल्यावर उरतो तो समुद्र, आणि त्याला बटण नाही. भाऊंनी त्यावरही तोड काढली. चाचणी फक्त भांगाच्या दिवसांत घ्यायची, उधाणाला नाही. अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी असते, पाणी लांब जातं, वारा मतलई असेल तर गाजही उलटी समुद्राकडे जाते. त्यामुळे जगात प्लेअरची परीक्षा तिथी पाहून घेणारा माणूस बहुधा आमच्याच गावात असावा. त्यांची लाल हिशेबवही मी पाहिली आहे. एक नोंद अशी: ‘कार्तिक वद्य अष्टमी, रा. 12.20, ओहोटी पूर्ण, पंखा बंद. स्टेज विहिरीपर्यंत. डावीकडे थोडा कमी, बहुधा गोठ्यामुळे.’

स्टेज म्हणजे डोळे मिटल्यावर गाणं किती रुंद जागेत पसरल्यासारखं वाटतं ते. भाऊ ते वाडीच्या मापाने मोजतात. नवी केबल घेतली तेव्हा स्टेज विहीर ओलांडून रायवळ आंब्यापर्यंत गेला होता. वहिनींना काळजी लागली. ‘‘अहो, आंब्याच्या पुढे कुंपण आहे. शेजाऱ्यांच्या हद्दीत गेला तर मोजणी आणावी लागेल.’’ अलिबाग तालुक्यात जमिनीचे भाव काय झालेत हे ज्याला माहीत आहे, त्याला यातला गंभीरपणा कळेल.

आता गाण्यांबद्दल. भाऊंच्या प्लेअरमध्ये हजारो गाणी आहेत आणि त्यांतली मोजकी वाजतात. किशोरीताईंचा भूप ते वर्षानुवर्षं ऐकतायत, पण पहिला आलाप सरेपर्यंतच, कारण तानपुऱ्याची तार विरताना जे ऐकायचं ते तिथेच ऐकून होतं. बंदिश द्रुतात जाते तेव्हा काय होतं, हे मी त्यांना एकदा सांगितलं तर त्यांनी कुतूहलाने ऐकून घेतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीचं रूपांतर त्यांनी 24 बिट, 192 किलोहर्ट्झमध्ये मिळवलंय. खाँसाहेब गेले 1937 साली, आणि त्या काळच्या तबकडीवर वरच्या पट्टीतलं फारसं काही उमटायचंच नाही. उमटायची ती सुईची खरखर, आणि ती मात्र आता अतिशय तपशीलवार ऐकू येते. 192 किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये 96 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी 20 हजारांशी थांबतो, साठीत त्याहूनही बराच अलीकडे. वरचं सगळं वाडीतल्या वटवाघळांसाठी. साध्या सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट हे आपल्या कानाचा हिशेब करूनच ठरले होते. बोस्टनकडच्या मेयर आणि मोरन या दोघांनी 2007 साली निष्कर्ष छापले: वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, यांतलं कोणतं कोणतं हे लोकांनी 554 वेळा ओळखायचा प्रयत्न केला आणि 276 वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. हे भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘त्यांच्याकडे ओहोटी पाहिली नसेल.’’

यंत्र टाकाऊ आहे, असं मात्र कुणी समजू नये. मोठे, जड हेडफोन फोनला पेलत नाहीत, याला पेलतात. आणि गाणं ऐन रंगात असताना यावर कर्जवाल्या बाईंचा फोन येत नाही. हा एक गुण माझ्या मते निम्म्या किमतीचा आहे. भाऊंच्या वहीत त्याची नोंद नाही.

शेवटी पुतण्याने परीक्षा लावली. त्याचा जुना फोन, ज्याला अजून भोक होतं, एका बाजूला, प्लेअर दुसऱ्या बाजूला, भाऊंच्या डोळ्यांवर टॉवेल. गाणं हेमंतकुमार आणि लताबाईंचं ते कोळीगीत. पाच वेळा अदलाबदल केली, पाचही वेळा भाऊंनी प्लेअर अचूक ओळखला. पुतण्याचा चेहरा पडला. तेवढ्यात दादांनी पिशवीतून मल्टिमीटर काढला. ‘‘दोन्हीचा आवाज सारखा केलास का रे?’’ केला नव्हता. किंचित मोठं वाजलेलं माणसाला नेहमी चांगलं वाजलेलं वाटतं, ही दुकानदारांची फार जुनी युक्ती आहे. दादांनी एकसुरी आवाजाची फाइल लावली, हेडफोनच्या तारांवर मीटर धरला आणि दोन्हीकडे व्होल्ट जुळेपर्यंत प्लेअरचा आवाज खाली आणला. फोनच्या आवाजाच्या पायऱ्या मोठ्या, म्हणून हलवायचा तो प्लेअरच. पुन्हा टॉवेल. नऊ वेळांत चार बरोबर.

दहावी वेळ झालीच नाही, कारण मासळीवाली मावशी आली. तिने पाटी उतरवली आणि टॉवेल गुंडाळलेल्या भाऊंना पाहून काळजीने विचारलं, ‘‘डोलं आलं का काय?’’ पुतण्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती पदर सावरून उभी राहिली आणि पूर्ण गाणं ऐकलं. त्या प्लेअरवर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं गेलेलं ते पहिलं गाणं असावं. ‘‘बरा वाजतंय,’’ ती म्हणाली, ‘‘केवढ्याला घेतला?’’ वहिनी दारातच होत्या. भाऊंनी वहिनींचा भाव सांगितला. मावशी म्हणाली, ‘‘तेवढ्यात होडीचं इंजिन आलं असतं, भाऊ.’’ खरा भाव सांगितला असता तर होडीही आली असती.

परीक्षेचा निकाल भाऊंना मान्य नाही. दडपणाखाली कान काम करत नाही, टॉवेल ओला होता, शिवाय ते दिवस उधाणाचे. पावसाळ्यात हेडफोनच्या गाद्यांना बुरशी आली आणि चांदीची केबल खाऱ्या हवेने काळी पडली, तेव्हा प्लेअर तांदळाच्या डब्यात गेला. गणपतीत बाहेर निघाला तेव्हा त्याच कंपनीचं नवं मॉडेल बाजारात आलं होतं.

तर प्लेअर विकणे आहे. पेटी, पावती, लाल वहीची झेरॉक्स, सगळं मिळेल. गाण्यांसाठी जवळजवळ वापरलेला नाही. घ्यायचा असेल त्याने अष्टमीला रात्री बारानंतर नागावला यावं, मोटार लांब लावावी, आणि किमतीचं बोलणं वहिनींसमोर काढू नये.