सर्वानुमते मंजूर

शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कर्नाटकानं तर 2001पासूनच एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समित्या, नेमल्यात. तेव्हा तिथल्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्यासारख्या गावात पालकांना कुणी विचारत नाही म्हणणं म्हणजे कायद्याचाच अपमान!

घरात कोकणी-मराठी, नोटीस कन्नडमध्ये, पोराची कविता इंग्रजीत. शाळा द्विभाषिक, पालक चारही भाषांत गप्प. बैठक नेमकी भातलावणीत, सकाळी अकराला. आई चिखलाच्या पायांनी येते आणि पहिलीच्या बाकड्यावर, गुडघे हनुवटीला लावून बसते. विषय ‘शाळा विकास आराखडा’; चर्चा कुंपण कोण घालणार याची. इथं मात्र पालकांच्या मताला वजन, कारण कुदळ त्यांचीच. जोयड्याचे कंद गाजलेले. कुठला कधी खणायचा, कुठला किती उकडायचा, हे या आईला पाठ. तिला सल्ला मिळतो, ‘मुलाचा परिसर अभ्यास घरी करून घ्या.’

इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. ते बैठकीआधीच लिहून तयार असतं, आईचा अंगठा तेवढा बाकी असतो.