३० जूनच्या आत सेवा

सरतं वर्ष म्हटलं की तुम्हाला डिसेंबर आठवेल. पण तो सामान्य माणसांचा. शिकागोत १९०५ साली रोटरी जन्मली, १९१७ साली लायन्स. या सेवाभावी मंडळींचं वर्ष १ जुलैला उजाडतं आणि ३० जूनला मावळतं. त्यामुळे वर्षभर तुंबलेली सेवा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उरकावी लागते. राहिली तर ती पुढच्या अध्यक्षाच्या खात्यात जमा होते, आणि एवढा त्याग कोण करणार?

भंडारा जिल्ह्यातल्या अशाच एका क्लबाच्या ‘वर्षपूर्ती आनंदसोहळ्या’चं मला आमंत्रण होतं. नाव सांगत नाही. सातही तालुक्यांतल्या क्लबांना ते आपलंच वाटेल. स्थळ होतं गावची जिल्हा परिषद शाळा. शाळा म्हटली की फोटोत मुलं हवीत. पण विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, हे नियोजन समितीला आठवलं आदल्या संध्याकाळी. मग गुरुजी घरोघरी फिरले.

“धानाचे पऱ्हे टाकाचे दिवस आहेत जी गुरुजी, पोट्ट्याले आता शाळेत कायले बलावता?” एका आजीनं विचारलं.

“पाहुणे थंड पाणी पाजणार आहेत.”

आजीनं एकदा भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे, आणि नातवाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची घोंगशी घातली.

तर भेटवस्तू होती वॉटर कूलर. त्याचा अर्ज गुरुजींनी उन्हाळ्याच्या तोंडावरच दिला होता. सकाळची शाळा सुरू झाली, पोरांनी घरून आणलेल्या बाटल्यांतलं पाणी नऊ वाजताच कोमट होऊ लागलं, तरी अर्ज समितीतच होता. कूलर आला तो पावसासोबत. त्यावर देणाऱ्यांची नावं इतकी, की नळ हुडकावा लागतो.

व्यासपीठावर तीन अध्यक्ष होते: मावळते, उगवते आणि इमिजिएट पास्ट. मावळत्यांनी परंपरेप्रमाणे पितळी घंटा वाजवून सभा सुरू केल्याचं जाहीर केलं आणि घोटाळा झाला. पोरांच्या शिक्षणात अशा घंटेचा अर्थ एकच: शाळा सुटली. दप्तरं नव्हतीच, त्यामुळे पटांगण नेहमीपेक्षा लवकर रिकामं झालं. आलुबोंड्याचं आमिष दाखवून निम्मी परत आणली, तोवर दोन भाषणं झाली होती. पोरांचं नुकसान झालं असं मला वाटत नाही.

पुढचा दीड तास पुरस्कारांचा. उत्कृष्ट सचिव, उत्कृष्ट खजिनदार, उत्कृष्ट उपस्थिती. कधीच न आलेल्या एका सभासदाला ‘उदयोन्मुख’. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातोडीखाली पितळ घडवलं. स्मृतिचिन्हं मात्र प्लॅस्टिकची होती, सोनेरी मुलाम्याची. रोटरीला हे नाव पडलं, कारण सुरुवातीच्या सभा सभासदांच्या ऑफिसांत पाळीपाळीनं फिरत. इथं शाल फिरत होती. तिची घडी शेवटपर्यंत मोडली नाही.

आता कुणी म्हणेल, या लेखणीला सगळंच वाकडं दिसतं. तसं नाही. अंधांसाठी उभे राहा, असं हेलन केलरनं १९२५ मध्ये लायन्सना सांगितलं आणि त्या मंडळींनी डोळ्यांचं काम खरोखर अंगावर घेतलं. २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात रोटरीचा घाम आहे. पण पोलिओच्या लशीचा थेंब मोहिमेच्या ठरल्या दिवशी पाजला जायचा, अध्यक्षाच्या मुदतीप्रमाणे नव्हे. बाळाला ‘जरा ३० जूनपर्यंत थांब’ म्हणायची सोय नव्हती.

शेवटी फीत कापली. कूलरखाली पेला धरून एक पोरगी उभी केली. नळातून काही येईना, कारण प्लग भिंतीपर्यंत पोचत नव्हता. फोटोग्राफर अनुभवी होता. त्यानं पेल्यात पागोळीचं पाणी धरलं आणि पोरीला हसायला सांगितलं. फोटो छान आलाय, अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.

नव्या अध्यक्षांचा पदग्रहण सोहळा जुलैत आहे. त्यांना हात जोडून एवढीच विनंती: साहेब, मार्चमध्ये या. पोरं तेव्हा शाळेत असतात, बोलवायला फिरावं लागत नाही. येताना फक्त दोन मीटर वायर आणा.